वद्य सप्तमीला कॉफिन सर्कस

विश्वासराव पाटणकरांच्या सिंगापुरातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी एक लांब स्क्रूड्रायव्हर कायम ठेवलेला असे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, घरात काहीतरी दुरुस्ती निघाली आहे. दुरुस्ती वगैरे काही नव्हती. विश्वासराव त्या स्क्रूड्रायव्हरने गाणी ऐकत. टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून घ्यायचे. बेअरिंग आतून कुरकुरतंय का, हे ऐकायची इंजिनरूममधली ही जुनी रीत. ज्या माणसाची उभी हयात जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून गेली, त्याने ती रीत घरी आणली तर बिघडलं कुठे? सून अनघाला हे विचित्र वाटे, पण ती बोलून दाखवत नसे. मुलगा रुचिर मात्र दाखवत असे.

बरं, ऐकायचं काय, तर अभंग नाहीत, नाट्यगीतं नाहीत. ऐकायचं ‘कॉफिन सर्कस’. हा एक परदेशी मेटल बँड. पाच बाप्ये, तोंडं पांढरीफटक रंगवलेली, कोट असे की स्मशानातून उचलून आणलेत. स्टेजवर शवपेटी उघडते, तिच्यातून नवरी बाहेर येते, डुकराचा मुखवटा घातलेल्या न्यायाधीशाचं मुंडकं उडतं आणि पुढच्या रांगांवर लाल पाणी शिंतडतं. सभ्य माणसांनी नाक मुरडावं म्हणूनच हा सगळा खटाटोप असतो, आणि सभ्य माणसं ते इमानेइतबारे मुरडतात.

विश्वासरावांचे कान इंजिनांनी खाल्ले होते. पण असे कान एकदम सरसकट जात नाहीत. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. दाराची घंटी, पाखरं, बायकांचं बोलणं. खालचे जाड आवाज खूप उशिरापर्यंत टिकून राहतात. त्यामुळे रुचिरचं अर्धं वाक्य कळे, अनघाचं पावसुद्धा कळत नसे, आणि ढोल वाजला की अंगभर कळे. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत. ‘चहा ठेवू का’ हे ओरडून विचारलं की खेकसल्यासारखं लागतं, हे कान शाबूत असलेल्यांच्या कधी लक्षात येत नाही. विश्वासरावही ओरडूनच उत्तर देत. कानातलं यंत्र होतं, पण ते जेवताना वाटीचमच्यांचा असा काही गोंगाट करी की ते डबीतच बरं होतं.

ही ‘कॉफिन सर्कस’ घरात आणली गिरिजाबाईंनी. म्हणजे तशी ती विश्वासरावांच्या बॅगेतून आली. शेवटच्या बोटीवरच्या एका फिलिपिनो इंजिनिअरने उतरताना त्यांच्या हातात डीव्हीडी कोंबली होती आणि ती तशीच पडून राहिली होती. एका दुपारी नवऱ्याबरोबर काहीतरी बघावं म्हणून गिरिजाबाईंनी ती लावली. मराठी मालिका दोघांनी मिळून बघणं कधीच बंद झालं होतं. मालिकेत माणसं नुसती बोलत बसतात, आणि नवऱ्याचं सारखं “काय म्हणाली? काय म्हणाली?” चालू. या डीव्हीडीत कुणी काही म्हणतच नव्हतं. म्हणत असतील तर ते कुणालाच कळत नव्हतं, गिरिजाबाईंनाही नाही.

गिरिजाबाई पुण्यात शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी त्यांच्याच गळ्यात पडायचं. रक्ताला त्या घाबरल्या नाहीत. त्यांना राग आला तो न्यायाधीशाचा. “मरायला फार वेळ लावतो,” असं त्यांनी हातवारे करून सांगितलं, आणि उठून, गळा धरून, कसं मरायला हवं ते करून दाखवलं. विश्वासराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दुपारची ती सवयच झाली. बँडचे एकेक कार्यक्रम मिळवून दोघं बघत. नवरीची एन्ट्री लवकर झाली की उशिरा, पेटीचं झाकण कोण उचलतंय ते दिसलं का, यावर खुणांनी वाद घालत. शेवटची काही वर्षं त्या दोघांचा खराखुरा संसार त्या सोफ्यावर झाला असं म्हटलं तरी चालेल.

गिरिजाबाई गेल्या आणि घरात नुसतं ओरडणं उरलं.

नोव्हेना भागातल्या इस्पितळात कान तपासायला गेले असताना विश्वासरावांना शू फेन भेटली. ती तिथे कानाची चाचणी घेणारी तंत्रज्ञ. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायची. तुम्ही घरी काय ऐकता, असं तिने विचारलं. विश्वासरावांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात नाव सांगितलं, आणि बाहेर बसलेले पेशंटही वळून बघायला लागले. शू फेनने बाही वर केली. दंडावर शवपेटीचं गोंदण होतं. त्या संध्याकाळपासून विश्वासरावांना पुन्हा वाद घालायला माणसं मिळाली.

ती माणसं रविवारी सेंगकांगच्याच एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जमत. शू फेन असे, शिपयार्डात वेल्डर असलेला फैझल असे, कधी आणखी कुणी. या टेबलावर ऐकू न येणं ही काही अडचण नव्हती. शू फेन बोलण्यातलं निम्मं फोनवर टाइप करून पुढे सरकवी. फैझल ड्रम्सचा ठेका टेबलावर वाजवून दाखवी आणि कॉफीचे कप नाचत.

“पहिला अल्बम, ‘वॉर्म ग्रेव्ह’. तोच खरा,” फैझलचं सिंगापुरी ‘लाह’ लावून ठरलेलं म्हणणं. “नंतर व्हायोलिनं आणली आणि सगळं मऊ झालं. वेडिंग बँड झाला, लाह.”

“व्हायोलिन मला ऐकूच येत नाही,” विश्वासराव म्हणत. “त्यामुळे मला तो अल्बम तुझ्यापेक्षा चांगला लागतो. आणि पहिल्या अल्बममधला ड्रमर घाईत आहे. सुट्टी मंजूर झालेल्या फिटरसारखा वाजवतो.”

“अंकल चीफ, तो ड्रमर देव आहे.”

“देव असेल. पण त्याचा उजवा पाय मागे राहतो. ऐक नीट.”

मग शू फेन दोघांना गप्प करून मुद्द्यावर आणी. मुद्दा म्हणजे स्टेजवरचं रक्त. बँडच्या नव्या कार्यक्रमांत उत्तरार्धात रक्त उडत नाही, नुसतं गळतं, असं फॅन मंडळींचं जगभर दुखणं होतं. बँड म्हातारा झाला, असं फैझलला वाटे. विश्वासरावांना वाटे, पंप लहान घेतलाय आणि पाइप लांब. त्यांनी एकदा पेपर नॅपकिनवर चित्र काढून दाखवलं. फैझलला ते काही पटलं नाही. पंपाने मन भरत नाही, म्हणाला.

आणि २०१४ साली जाहीर झालं की कॉफिन सर्कस सिंगापूरला येणार. सोळा ऑगस्ट, शनिवार.

तिकीट काढण्यापूर्वी विश्वासरावांनी तारीख दोनदा तपासली होती. गिरिजाबाई गेल्या त्या आठ ऑगस्टला. आठ आणि सोळा यांत चांगलं अंतर होतं, तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. सगळा जन्म लॉगबुकातल्या तारखांवर काढलेल्या माणसाची ही चूक. बोटीवर तिथी कोण बघतो? श्राद्ध तिथीने असतं आणि तिथी दरवर्षी आपली जागा बदलते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, फक्त तिकीट काढताना आठवलं नाही. अनघाने पंचांग उघडलं तेव्हा श्रावण वद्य सप्तमी बरोबर शनिवारी, सोळा तारखेला येऊन बसली होती.

रुचिरने कपाळाला हात लावला.

“बाबा, तिकीट विकून टाका,” तो ओरडला. म्हणजे बोलला.

“नाही.”

“आईचं श्राद्ध आहे.”

“ते दुपारी आहे. हे संध्याकाळी आहे. मी श्राद्धाला बसणार, जेवणार आणि मग जाणार.”

“शामकांतमामा मुद्दाम मुंबईहून येताहेत. त्यांना काय सांगू? आईच्या तिथीला बाबा तोंड रंगवून शवपेटीचा तमाशा बघायला गेले?”

“असंच सांग. बरोबर आहे वर्णन.”

रुचिर वाईट मुलगा नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. बापाच्या प्रत्येक तपासणीला रजा टाकून जाणारा मुलगा होता तो. पण त्याला चारचौघांत शोभेल असं सगळं हवं असे, आणि शोभण्याची धास्ती ज्याला लागली तो खोटं फार पटकन शोधून काढतो. दोन दिवसांनी त्याने तोडगा आणलाच. मामांना सांगायचं, बाबांची नोव्हेनाला कानाची अपॉइंटमेंट आहे, शनिवारी संध्याकाळचीच मिळाली.

“ती शू फेन नोव्हेनालाच असते ना?” तो जरा आशेने म्हणाला. “म्हणजे पूर्ण खोटंही नाही. तुम्ही जा, मी अडवत नाही. फक्त सांगू नका.”

तोडगा सोयीचा होता. विश्वासरावांना कार्यक्रम मिळत होता, रुचिरला मामा मिळत होते, आणि गिरिजाबाईंच्या माहेरचं एकुलतं एक माणूस दुखावलं जात नव्हतं. माहेरची बाकीची माणसं गेलेलीच होती. हा दादा तुटला तर गिरिजा लहानपणी कशी होती, हे सांगणारं जगात कुणी उरणार नव्हतं. विश्वासराव “बघू” म्हणाले. आयुष्यात ते फार कमी वेळा “बघू” म्हणाले असतील.

त्या आठवड्यात ते संध्याकाळी ब्लॉकखालच्या मैदानाकडे फिरायला जात. चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता, मेलेल्यांचा. मैदानात मांडव घातलेला, झगमगीत कपड्यांतल्या बायका गाणी म्हणत होत्या, आणि समोरची खुर्च्यांची पहिली रांग रिकामी होती. तिथे कुणी चुकूनही टेकत नव्हतं. ती रांग पितरांची. सिंगापुरात इतकी वर्षं काढलेल्या विश्वासरावांना हे नवीन नव्हतं, पण या वेळी ते त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. आपण आपल्या माणसाला खीर-वडे वाढतो आणि वाटेला लावतो. हे लोक त्याला बोलावून गाणं दाखवतात, तेही पुढे बसवून. यात अपमान कुणाचा होतो? विश्वासराव घरी आले ते चिडूनच. रुचिरवर नाही, स्वतःच्या त्या “बघू”वर.

श्राद्ध रीतसर झालं. लिटिल इंडियातून गुरुजी आले, रुचिरने पिंड ठेवले, अनघाने पहाटेपासून राबून वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. गुरुजी जेवून गेल्यावर घरच्यांची पानं वाढली. शामकांत विश्वासरावांच्या समोर बसले. उंच, कडक इस्त्रीचा माणूस. बहिणीवर त्यांचा जीव होता यात शंका नाही.

“संध्याकाळी जरा देवळात जाऊन येऊ,” शामकांत रुचिरला म्हणाले. “विश्वासरावांनाही घेऊ बरोबर.”

रुचिरने ताटाकडे बघतच सांगितलं, “बाबांना नोव्हेनाला जायचंय, मामा. कानाची अपॉइंटमेंट आहे.”

विश्वासरावांनी मुलाचे ओठ वाचले. इतर वेळी चार शब्दांतले दोन निसटत. हे वाक्य सबंध पोचलं.

“अपॉइंटमेंट नाही,” ते म्हणाले. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात वाटीतली खीरसुद्धा थरथरली असेल. “मी कॉफिन सर्कस बघायला चाललोय. बँड आहे. पेटीतून बाई निघते, मुंडकं उडतं. तिकीट काढलंय.”

शामकांतांना आधी कळेचना. रुचिरकडे बघून त्यांना ते खरं आहे हे कळलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“आज?” ते म्हणाले, आणि मग विश्वासरावांना ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाले, “आज तिची तिथी आहे, विश्वासराव. काय वाटेल गिरिजाला?”

“तिला काय वाटेल ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही.”

“बाबा,” रुचिर म्हणाला.

“थांब. बोलू दे मला. दादा, तुमच्या बहिणीचा आवाज बारीक होता. गाता गळा म्हणायचात तुम्ही. तो मला तिच्या शेवटच्या सहा वर्षांत एकदासुद्धा ऐकू आला नाही. मला एवढंसं काही सांगायलाही तिला ओरडावं लागायचं. माझ्यावर जन्मात कधी न ओरडलेली बाई, ‘गोळी घेतली का’ म्हणून ओरडायची आणि मग तिलाच रडू यायचं. घरात एकच जागा होती जिथे तिला ओरडावं लागत नव्हतं. तो तमाशा चालू असताना. तिथे आम्ही दोघं सारखे होतो. तिलाही काही ऐकू यायचं नाही, मलाही नाही. आम्ही हसायचो. ती न्यायाधीश मरतो तसा मरून दाखवायची, इथे, या फरशीवर.”

अनघा वाढायची थांबली होती.

“तुम्ही देवळात जाता, जा. तुमची बहीण आहे. मी तिकडे जाणार, माझी बायको आहे. फक्त मी खोटं सांगून जाणार नाही. तिच्याबरोबर जे बघितलं त्याची मला लाज वाटत नाही, आणि मी लपवलं तर वाटते असा अर्थ होईल.”

शामकांत उठले. श्राद्धाच्या पानावरून उठले, खीर तशीच टाकून. बेसिनवर हात धुताना ते एवढंच म्हणाले की आजचं जेवण त्यांना गोड लागलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांनी यावं अशी कुणी अपेक्षा करू नये. ते पाठमोरे होते म्हणून विश्वासरावांना ते कळलं नाही. रुचिरने वळून, तोंड समोर करून, त्यांना ते पुन्हा सांगितलं. तो त्या वेळी ओरडला नाही, हे विश्वासरावांच्या ध्यानात आलं.

“ऐकलं,” ते म्हणाले. “वाईट वाटलं. तरी जाणार.”

आणि गेले. काळा शर्ट घालून, सगळ्यांसमोरून, दिवाणखान्यातून. जाताना त्यांनी शामकांतांना वाकून नमस्कार केला, कारण ते वयाने मोठे होते आणि आज सप्तमी होती. शामकांतांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. दार लावून घ्यायला अनघा आली. तिच्या हातात डबा होता. “वडे आहेत,” असं ती ओठांनी, आवाज न काढता म्हणाली. श्राद्धाचं अन्न परक्याला देत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि तो डबा कुणासाठी आहे हेही.

हॉलबाहेर फैझल आणि शू फेनने उभ्या उभ्या वडे संपवले. शू फेनने कानात घालायला स्पंजच्या बुचांची जोडी दिली. उरलेसुरले कान जपायचे, हा तिचा दंडक. पांढरा रंग विश्वासरावांच्या गालांना फैझलने फासला. वेल्डरचा हात, त्यामुळे थर जाड बसला. आसपास सगळीकडे तशीच तोंडं होती, विशीतली, तिशीतली, आणि त्या गर्दीत एका साठी उलटलेल्या मराठी माणसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं. घरात मात्र एक मोठा मेव्हणा बॅग भरत असेल, बहुधा कायमचीच. विश्वासरावांनी ते स्वतःपासून लपवलं नाही.

दिवे गेले. ढोल सुरू झाला तो आधी पायांना कळला, मग बरगड्यांना. चार हजार माणसं एकदम ओरडली. फैझल कानाशी काहीतरी किंचाळत होता आणि ते विश्वासरावांना ऐकू येत नव्हतं, शू फेनलाही येत नव्हतं, कुणालाच कुणाचं काही येत नव्हतं. स्टेजवर पेटीचं झाकण हललं.

विश्वासरावांनी मान थोडी डावीकडे वळवली, सोफ्यावर वळवायचे तेवढीच. गेली कित्येक वर्षं ते कुणाशीही बोलले की शेजारच्या ब्लॉकपर्यंत ऐकू जायचं. आत्ता ते अगदी हळू बोलले, नवरा बायकोशी बोलतो तसं.

“आलोय गं,” ते म्हणाले. “सांगून आलोय.”